मामांची पाऊणपट

“काय गं, हे पाणी जायलंय कुठं?”

मालवणच्या दांडीच्या पुळणीवर मामांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. मामांचं वय ७४, आणि समुद्र बघण्याची ही पहिलीच वेळ. आम्ही किनाऱ्यावर पोचलो तेव्हा संध्याकाळचे साडेपाच झाले होते आणि ओहोटी चांगलीच लागली होती. प्रत्येक लाट आधीच्या लाटेपेक्षा वीतभर अलीकडेच थांबत होती आणि मागे ओल्या वाळूचा चकचकीत पट्टा उघडा पडत होता. मामा त्या पट्ट्याकडेच बघत राहिले. औशाजवळच्या कोरडवाहू शेतात आयुष्य काढलेल्या माणसाला पाणी दिसण्याआधी पाणी मागे सरताना दिसलं.

माझं माहेर लातूर जिल्ह्यातलं, सासर मालवणचं. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण माहेरचं सगळं बिऱ्हाड एकदम आलं ते या डिसेंबरात. मामा, मामी, मामेभाऊ, वहिनी, त्यांची नववीतली लेक आणि चौथीतला मुलगा. लातूरहून कोल्हापूर, तिथे एक मुक्काम आणि अंबाबाईचं दर्शन, मग फोंडा घाट उतरून कणकवली, तिथून मालवण. घाटात पोराला तीनदा उलटी झाली. तरी उतरल्या उतरल्या त्याचा पहिला शब्द “समुद्र?” हाच होता.

पाहुणे येणार म्हटलं की आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांच्या डोक्यात यादी तयार असते. किल्ला, तारकर्ली, देवबागचा संगम, पाण्यातल्या खेळांच्या होड्या, जमलं तर एखादी जत्रा. मीही आधी कागदावर तासातासाचा बेत लिहिला होता. सासऱ्यांनी तो वाचला आणि मुकाट्याने भिंतीवरचं कालनिर्णय काढून माझ्यासमोर ठेवलं. “तिथी बघ, मग वेळ लिही.”

त्यांचा हिशेब असा. तिथीची पाऊणपट करायची, येईल तो आकडा भरतीच्या तासाचा. पंचमी असेल तर पाचाचे पावणेचार, म्हणजे दुपारी पावणेचारच्या सुमाराला पूर्ण भरती. साधारण सहा तास मागे गेलं की पूर्ण ओहोटी, सकाळी पावणेदहाच्या आसपास. रोज ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते, कारण चंद्र रोज तेवढा उशिरा उगवतो. पुनवेला-अवसेला उधाणाची भरती, अष्टमीच्या सुमाराला भांगाची, म्हणजे सगळ्यात कमी चढणारी. मिनिटाचा नेम धरायचा नाही, पण होडी कधी काढायची, पोरांना पाण्यात कधी सोडायचं, एवढं त्यातून नक्की कळतं. मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक मिळतं हे मला ठाऊक आहे. पण घरात कालनिर्णय असताना सासऱ्यांनी ते कधी उघडलेलं मी पाहिलं नाही.

मामांनी हा हिशेब ऐकला आणि मान डोलावली. गळ्यात माळ असलेला माणूस, एकादशी चुकवत नाही, तिथ्या तोंडपाठ. “म्हणजे समुद्रबी पंचांगावर चालतो म्हणा की.”

मामा माळकरी, ही मला सगळ्यात मोठी काळजी होती. आमच्या घरात मासळीशिवाय दिवस उजाडत नाही. पण सासूबाईंनी मला काही विचारलंच नाही. मासळीची तवली, डोणा, कोयता सगळं आदल्या दिवशी घासून पडवीतल्या फळीवर ठेवलं. पहिल्या रात्री पानात काळ्या वाटाण्याचं सांबारं, आंबोळ्या, कुळथाची पिठी, भात आणि वाटीभर सोलकढी. त्या दिवशी संकष्टी होती, त्यामुळे चंद्र बघून नऊच्या पुढे पानं मांडली. मामा कढीच्या गुलाबी रंगाकडे बघून जरा थबकले. सासूबाईंच्या ते लक्षात आलं.

“मामानू, बिनघोर घेवा. ह्या चुलीर सकाळपासून मासो चढूक नाय. कढयेत सोला आसत नुसती.”

मामांना मालवणी अर्धीच कळली, पण सांगण्याची तऱ्हा पूर्ण कळली. तीन वाट्या कढी प्यायले.

दुसऱ्या दिवशी मामींनी परतफेड केली. त्यांनी लातूरहून ज्वारीचं पीठ, शेंगांची चटणी आणि करडईच्या तेलाची बाटली आणली होती. आमच्याकडे तांदळाची भाकरी होते, तिला पिठाची उकड काढावी लागते. मामी मात्र परातीत नुसत्या पाण्याने पीठ मळून तळहाताने थापत होत्या, आणि भाकरी परातीत गरागरा फिरत मोठी होत होती. सासूबाई पाट ओढून शेजारी बसल्या आणि मामींच्या करंगळीकडे बघत राहिल्या. काठाला करंगळी लागते, तिथेच भाकरी गोल राहते. मग त्यांनी स्वतः एक थापली. ती कडेला फाटली, मामींनी ओल्या बोटाने सांधून दिली. त्या दोघींना कुठलं स्थळ दाखवायची गरजच नव्हती. चार दिवसांतला निम्मा वेळ त्या स्वयंपाकघरातच होत्या.

पंचमीला सकाळी सिंधुदुर्ग. सुट्टीच्या दिवसांत मालवणच्या धक्क्यावर दहानंतर उन्हात लांब रांग लागते, म्हणून आम्ही आठच्या आतच पोचलो. पहिली जी होडी लागली तिच्यात माणसांच्या मानाने लाइफ जॅकेटं कमी होती. “जवळच तर जायचंय,” असं म्हणून खलाशी बसा बसा करत होता. आम्ही चढलोच नाही. मामेभावाला वाटलं मी उगाच ताणते आहे, पण या एका गोष्टीत मी कोणाचं ऐकत नाही. पोरांच्या अंगावर जॅकेट, त्याचा पट्टा ओढून बघितलेला, मगच होडीत पाय. दहा मिनिटांत दुसरी होडी आली, तिच्यात सगळ्यांना पुरेशी जॅकेटं होती.

होडी किल्ल्याजवळ जाते तरी दरवाजा दिसत नाही. नुसता काळा तट, खाली फुटणारं पाणी. दोन बुरुजांच्या वळणाआड दरवाजा असा लपवलेला आहे की अगदी समोर गेल्यावरच तो उघडा पडतो. मामेभावाची लेक इतिहासाच्या पुस्तकातलं पाठ म्हणून दाखवत होती: २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर बांधकामाचा मुहूर्त, तीनएक वर्षांत किल्ला उभा, देखरेख हिरोजी इंदुलकरांची. मुहूर्ताची पूजा जिथे झाली तो मोरयाचा धोंडा आमच्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे, हे मी तिला सांगितल्यावर तिचा विश्वासच बसेना. दुसऱ्या दिवशी तिला तिथे नेलं. खडकावर कोरलेले गणपती आणि चंद्र-सूर्य तिने बोटाने चाचपून पाहिले.

शिवराजेश्वर मंदिरात मामा बराच वेळ बसले. राजाराम महाराजांनी बांधलेलं हे मंदिर. आतली महाराजांची मूर्ती नेहमीच्या चित्रांतल्यासारखी नाही, दाढी नाही, डोक्यावर टोपी, वीरासनात बसलेली. मामांनी हात जोडले आणि मूर्तीला म्हणाले, “लातूरहून आलोय, महाराज.” एवढंच.

आणि मग विहिरी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. मी या किल्ल्यावर निदान वीस वेळा गेले असेन. दर वेळी पाहुण्यांना “चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधे गोड्या विहिरी” हे वाक्य म्हणून पुढे सरकते. मामा मात्र दूधबावेपाशी आले आणि हललेच नाहीत. काठावर वाकून आधी पाण्याची खोली बघितली, मग चिऱ्याची बांधणी, मग वर वळून तटापलीकडचा समुद्र. पुन्हा पाणी.

“उन्हाळ्यात आटत नाही?”

किल्ल्यात काही कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहतात. त्यांतल्याच एक वहिनी पाणी शेंदायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “नाय आटणत.”

मामांनी त्यांच्याकडे घोटभर पाणी मागितलं. ओंजळीत घेतलं, आधी जिभेच्या टोकाला लावलं, मग प्यायले. मी त्यांना मला समजलेलं कारण सांगितलं: बेटावर पडलेला पाऊस खाली मुरतो, आणि गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असल्यामुळे जमिनीच्या पोटात खाऱ्या पाण्यावर तरंगल्यासारखं राहतं. बेताने उपसलं तर टिकतं, ओरबाडलं तर खालून खारं वर येतं. मामा ऐकत होते. मग म्हणाले, “आमच्याकडं ओरबाडलंच की.”

२०१६ चा एप्रिल माझ्या डोळ्यांसमोर आला. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं तो एप्रिल. त्या वर्षी मामांची दोनशे फुटांची बोअर कोरडी पडली होती, आणि मी इथे मालवणात बसून फोनवर त्यांना “काळजी घ्या” म्हणत होते. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यांच्याकडे सातशे-आठशे, तोही मनात आलं तर. हे आकडे मला आधीही माहीत होते. त्या दिवशी दूधबावेच्या काठावर मामांचे ओले हात बघून ते पहिल्यांदा अंगावर आले. मामांनी पिशवीतली रिकामी बाटली काढली आणि भरून घेतली.

तटावर चढून सगळ्यांनी समुद्र बघितला, पोरांनी फोटो काढले, बारापर्यंत परत आलो. किल्ल्याजवळच्या पाण्यात प्रवाळ आहेत, १९८७ पासून हा भाग सागरी अभयारण्य आहे, स्नॉर्केलिंग करता येतं. मामेभाऊ आणि पोरं दुपारी जाऊन आली आणि रात्रभर माशांचे रंग सांगत राहिली.

षष्ठीला पहाटे रापण. पाहुण्यांना एकच गोष्ट दाखवायची झाली तर मी रापण दाखवेन. मोठ्या जाळ्याचं एक टोक किनाऱ्यावर, होडी उरलेलं जाळं अर्धगोलात सोडत जाते, दुसरं टोक पुढे किनाऱ्याला आणते, आणि मग दोन्हीकडून तीस-चाळीस माणसं दोर ओढत हळूहळू एकमेकांजवळ येतात. पाय वाळूत रुतवून, अंग मागे टाकून, एका तालात. पोरं लगेच दोराला लागली. मामा बाजूला उभे होते. जाळं जवळ आलं, पाणी चंदेरी होऊन उसळलं, आणि मला वाटलं मामा आता तोंड फिरवतील. ते पुढे झाले.

“आज कमी गावलं का?” त्यांनी एका म्हाताऱ्या रापणकराला विचारलं.

“तारली इली थोडी. बांगडो नाय.”

“आणि वाटे कसे पाडता?”

तिथून जे बोलणं सुरू झालं ते अर्धा तास. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. मामांनी खळ्यावर रास मोजून बलुतं कसं देत ते सांगितलं. एक मालवणीत, एक मराठवाडीत, पण कुठे अडलं नाही. मोठ्या यांत्रिक बोटींनी किनाऱ्यालगतची मासळी कशी रोडावली हे रापणकर सांगत होता, आणि मामा कापसाच्या भावावर बोलावं तशी मान हलवत होते. निघताना पोराला ओढण्याबद्दल मूठभर तारल्या मिळाल्या. त्याने आजोबांकडे बघितलं. मामा म्हणाले, “घे, तुझ्या कष्टाच्या हायत.” त्या शेजाऱ्यांकडे दिल्या, त्यांनी तळून पोराला खिडकीतून खाऊ घातल्या.

त्याच सकाळी साडेदहाच्या ओहोटीला देवबाग. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मधे माडांनी भरलेली चिंचोळी पट्टी. ओहोटीला संगमाजवळ वाळूचा दांडा वर येतो, त्यावर गुडघाभर पाण्यात पोरं निर्धास्त खेळतात. गर्दी मात्र फार होती, आणि पाण्यातल्या मोटरस्कूटरांचा आवाज मला सोसत नाही. तासाभरात परतलो.

शेवटच्या रात्री जवळच्या वाडीतल्या जत्रेत दशावतार होता. सुरू व्हायलाच मध्यरात्र झाली. लिहिलेली संहिता नसते, नट संवाद तिथल्या तिथे रचत जातात, आणि सोबत पेटी, पखवाज, झांज. मामी आणि पोरं चटईवर झोपून गेली. मामा पखवाजवाल्याच्या अगदी समोर ताठ बसले होते, मांडीवर बोटं चालू. पहाटे परत येताना म्हणाले, “हात वारकऱ्याचा आहे त्याचा.” त्यांच्याकडून याहून मोठी दाद मी ऐकलेली नाही.

अष्टमीला कणकवलीच्या स्टँडवर निरोप. सासूबाईंनी कोकमं, खाजा आणि काळे वाटाणे बांधून दिले. मामींनी उरलेलं ज्वारीचं पीठ आमच्याकडेच ठेवलं. दूधबावेची बाटली मामांनी सामानात दिली नाही, हातातल्या पिशवीत धरून बसले.

तीन दिवसांनी सकाळी आठला फोन आला.

“काय गं, आज एकादशी. अकराचे सव्वाआठ. भरती यायली असंल तुमच्याकडं, बघ बरं.”

मी फोन कानाला धरूनच मागच्या दारी गेले. पाणी पार वर, माडांच्या मुळांपर्यंत आलं होतं.

“आली, मामा.”

“हां,” मामा म्हणाले, आणि फोन मामींकडे दिला.