जीपीकडे जाताना मुंबईच्या फाइलचं काय करायचं

इंग्लंडमधल्या बऱ्याच जीपी (म्हणजे इथला सरकारी फॅमिली डॉक्टर) दवाखान्यांत भिंतीवर कागद डकवलेला असतो: एका वेळी एकच तक्रार. दादर-पार्ल्याहून नव्याने आलेल्या माणसाचं डोकं पहिलं तिथे फिरतं. आपल्याकडे एकदा नंबर लागला की गुडघा, पित्त आणि जाता जाता सूनबाईंचा थायरॉइडचा रिपोर्ट, सगळं एकाच फीमध्ये उरकतं. इथे मिळतात जेमतेम दहा मिनिटं, आणि समोरच्याला तुमची काडीची माहिती नसते. आपल्या डॉक्टरांना तीन पिढ्यांची दुखणी तोंडपाठ. लिहून किती ठेवलेली असतात, हे मात्र विचारू नये.

नोंदणी फुकट आणि सोपी. जीएमएस-१ फॉर्म भरायचा किंवा ऑनलाइन करायची. पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा नाही म्हणून नाव नोंदवायला नकार देता येत नाही. रिसेप्शनवर मागितलाच तर हे शांतपणे सांगा. घर त्या दवाखान्याच्या हद्दीत नसेल तर मात्र नकार मिळू शकतो.

खरी गोची गोळ्यांची. मुंबईचं प्रिस्क्रिप्शन ब्रँडच्या नावाने असतं आणि ती नावं इथे कोणालाच कळत नाहीत. त्यात आपल्याकडे एका गोळीत दोन-तीन औषधं. टेल्मिसार्टन ४० आणि अम्लोडिपिन ५ ची जोडगोळी इथे सहसा दोन वेगळ्या गोळ्या होऊन येते. इंग्लंडात दर औषधामागे ९.९० पौंड, म्हणजे तेच बीपी आता १९.८० ला. साठीच्या पुढे माफ. मधुमेहावर गोळ्या चालू असतील किंवा थायरॉक्सिन घेत असाल तर सूट-प्रमाणपत्राचा फॉर्म दवाखान्यातूनच भरून घ्या. मग बाकीची औषधंही फुकट. नुसत्या बीपीला ही सूट नाही. तिथे वर्षाचा ११४.५० पौंडांचा पास काढावा, वर्षाला बारा औषधं झाली की तो वसूल.

म्हणून निघण्याआधी फॅमिली डॉक्टरांकडून एका पानावर टाइप करून घ्या: औषधाचं मूळ नाव, मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, कधीपासून, कशासाठी. खाली अ‍ॅलर्जी आणि ऑपरेशनं. पिशवीभर रिपोर्ट दहा मिनिटांत कोणी चाळत नाही. हे पान मात्र स्कॅन होऊन रेकॉर्डला लागतं. आकडेही बदलून न्या. शुगर १४० असेल तर १८ ने भागा, ७.८ येईल. एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) ७ टक्के म्हणजे इथले ५३. नवा दवाखाना तपासणीशिवाय गोळ्या 'रिपीट'वर (दर वेळी डॉक्टरांना न भेटता मिळणाऱ्या यादीत) टाकायला कां कूं करतो, तेव्हा हाताशी दोन-तीन महिन्यांचा साठा असू द्या.

यादी बघून फोन येतो तो बऱ्याचदा दवाखान्यातल्या फार्मासिस्टचा. 'केमिस्ट कोण मला विचारणारा?' म्हणून रुसू नका. औषधांचा मेळ घालण्यात तो पक्का असतो आणि घाईतही नसतो. रिसेप्शनिस्ट 'काय होतंय?' विचारते तेही भोचकपणा म्हणून नव्हे, तुम्हाला डॉक्टरकडे पाठवायचं की नर्सकडे हे तिला ठरवायचं असतं. नाजूक दुखणं असेल तर 'खासगी आहे' म्हटलं की पुरे.

घसा दुखतोय म्हणून अँटिबायोटिक मात्र मागून मिळत नाही. आपल्याकडे पाच गोळ्यांची पुडी आधी हातात पडते, निदान मागून. इथे पॅरासिटामॉल घ्या आणि घरी जा. राग येतो, पण बहुतेक घसे व्हायरसचेच असतात. जानेवारी २०२४ पासून घसा, सायनस, नागीण आणि बायकांचा साधा लघवीचा संसर्ग यांसाठी थेट फार्मसीत जाता येतं. गरज असेल तर औषध तिथेच मिळतं.

आई-बाबा भेटीला आले तर तीन महिन्यांपर्यंत त्यांची तात्पुरती नोंदणी होते, जीपी फुकट. हॉस्पिटलात भरती झाल्यास मात्र व्हिजिटरला सरकारी दराच्या दीडपट बिल लागतं. त्यामुळे विमा मुंबईतूनच काढा, आणि बीपी-शुगर फॉर्मवर लपवू नका.