जास्तीची स्पेस

मंगळवार, रात्री उशिरा

आज मी माझीच चूक परत जागेवर नेऊन ठेवली. नुसती ठेवली असती तरी चाललं असतं. ती पुन्हा कुणी दुरुस्त करू नये म्हणून तिच्यासाठी एक टेस्टही (कोड ठरल्यासारखा वागतो का ते तपासणारा छोटा प्रोग्राम) लिहिली. झोप उडालीय ती त्या टेस्टमुळे.

प्रकार एवढासा. आमची टीम सांभाळते त्या प्रोग्रामिंग भाषेतलं, मजकुराचा आकडा करून देणारं बिल्ट-इन (भाषेसोबतच मिळणारं) फंक्शन. त्याला आकड्याच्या जागी भलतंच काही दिलं की ते एरर फेकतं, आणि त्या एररच्या मेसेजमध्ये कोलननंतर दोन स्पेस येतात. हवी एक. सहा वर्षांपूर्वी लिहिताना अंगठा दोनदा पडला असणार. रिव्ह्यूत (सहकाऱ्यांच्या तपासणीत) कुणाला दिसलं नाही, मलाही नाही. गेल्या महिन्यात दिसलं. एक स्पेस काढली, कमिटवर (बदलाच्या नोंदीवर) ‘किरकोळ’ असं लिहिलं आणि विसरून गेलो.

आज सकाळी तक्रार. नव्या रिलीजवर कुणाचा तरी रात्रभर चालणारा प्रोग्राम आडवा झाला. ती मंडळी आपला एरर मेसेज दोन स्पेसवर तोडतात आणि उजवीकडचा तुकडा ‘चुकीची किंमत’ म्हणून उचलतात. एका स्पेसवर तोडलं तर अख्ख्या वाक्याचा भुगा होतो. लागोपाठ दोन स्पेस मात्र पूर्ण मेसेजमध्ये एकाच ठिकाणी. हुशारीच म्हणायची. मला चिडायचं होतं, पण चिडायला तोंड कुठंय? चुकीची किंमत त्या एररच्या क्लासमध्ये वेगळी प्रॉपर्टी म्हणून, म्हणजे मेसेज न तोडता थेट उचलता येईल अशी, द्यायला हवी होती. तेव्हा ‘नंतर बघू’ म्हणणारा मीच. मेसेजच्या शब्दांवर विसंबू नका, असं डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय. तेही मीच लिहिलंय. आपलेच दात, आपलेच ओठ.

टीममधल्या थोरल्यांना विचारलं. एका ओळीत उत्तर: ‘परत ठेव, आणि टेस्ट लिही.’

परत ठेवायचं दुःख नाही. खरंच नाही. पण टेस्ट! आजवर मी टेस्ट लिहिली ती ‘हे असंच बरोबर आहे’ एवढं सांगायला. आजची टेस्ट म्हणते, हे चूक आहे आणि ते चूकच राहिलं पाहिजे. उद्या कुणी नवा, उत्साही पोरगा ती स्पेस काढायला जाईल आणि माझी टेस्ट त्याच्या अंगावर लाल होऊन धावून येईल. त्याला वाटेल, कोण हा खडूस माणूस.

गेल्या वर्षी सॉर्टिंगवर चार महिने घातले. त्याबद्दल एक शब्द... जाऊ दे. टीममधला एक जण सोडून गेला तेव्हा जाताना म्हणाला होता की या कामात माणूस दिसतो तो फक्त... तेही जाऊ दे.

पुन्हा त्या टेस्टकडेच येतो. मी वचन कधी दिलं होतं? स्पेसबद्दल एक अक्षर कुठं लिहिलेलं नाही. पण बिल्ट-इनचं हेच आहे: लिहिलेलं वचन वेगळं आणि लोकांनी गृहीत धरलेलं वचन वेगळं, आणि पाळावं लागतं ते दुसरं. पायथन भाषेतल्या डिक्टचंच बघा (प्रत्येक किंमत एका नावाखाली, म्हणजे कीखाली, ठेवणारा साठा). पायथनच्या 3.6 आवृत्तीत त्याची आतली मांडणी बदलली ती मेमरी वाचवायला. कीज ज्या क्रमानं टाकल्या त्याच क्रमानं निघायला लागल्या, हा वरचा बोनस. यावर विसंबू नका, असं तेव्हा सांगितलंही होतं. लोक विसंबले. 2018 मध्ये 3.7 आलं आणि त्यात तो क्रम भाषेचा नियमच होऊन बसला. ‘गो’ ही भाषा बनवणाऱ्यांनी हे आधीच ओळखलं असावं. त्यांच्या मॅपवरून (डिक्टचाच भाऊ) फिरताना सुरुवात मुद्दाम कुठूनही होते, म्हणजे कुणाला सवयच लागायला नको. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला तो निव्वळ आगाऊपणा वाटला होता. आज त्यांच्या पाया पडावंसं वाटतंय. (माझ्या मेसेजमध्येही दर वेळी एक ते चार स्पेस पडू द्यायच्या का? थोरले हाकलतील.)

आणि जावा भाषेतला, तारखा सांभाळणारा डेट क्लास. जानेवारी म्हणजे शून्य, आणि वर्ष द्यायचं ते 1900 वजा करून. त्यातल्या बऱ्याचशा मेथड्सवर 1997 मध्येच ‘वापरू नका’चा शिक्का बसला, धड पर्याय मिळाला 2014 मध्ये, जावा 8 बरोबर. क्लास अजून जागेवर आहे. ज्यानं तो शून्य पहिल्यांदा टाइप केला त्याला रात्री झोप लागत असेल का, असं इतकी वर्षं गमतीनं म्हणायचो. आता गंमत येत नाही.

दहा वाजता उठून चहा केला. चहा होईपर्यंत गेट्स आठवलं (बिल नव्हे, सी भाषेतलं मजकूर वाचून घेणारं फंक्शन). समोरून किती मजकूर येणार, आपल्याकडे जागा किती, याची चौकशी न करता ओतत सुटणारं. 1988 मध्ये मॉरिस वर्म (नेटवर्कवरून आपोआप पसरणारा प्रोग्राम) कॉम्प्युटरांत शिरला त्याची एक वाट हीच होती. सगळ्यांना कळलं, सगळ्यांनी शिव्या घातल्या. आणि सीच्या स्टँडर्डमधून ते हद्दपार झालं कधी? 2011 मध्ये. तेवीस वर्षं! इतक्या उघड्या भोकाला तेवीस वर्षं मुक्काम मिळतो, तर माझी बिचारी स्पेस. ती कुणाच्या घरात शिरत नाही, कुणाचं काही नेत नाही. उलट काढली तेव्हाच नुकसान झालं.

मग हसू आलं ते युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम घडवणाऱ्यांपैकी एक, केन थॉम्पसन, यांच्या जुन्या किश्शावरून. युनिक्समध्ये फाइल तयार करायचा सिस्टिम कॉल (प्रोग्रामनं सिस्टिमला द्यायचा हुकूम) आहे, क्रिएट. त्याच्या स्पेलिंगात शेवटचा ई नाही. युनिक्स पुन्हा लिहायला बसलात तर काय बदलाल, असं विचारल्यावर ते म्हणाले होते, तो ई घालीन. इतका मोठा माणूस, आणि त्याचा ई अजून बाहेरच उभा. त्यांचं एक अक्षर कमी, माझी एक स्पेस जास्त. बरोबरी करतोय असं नाही. पण रांग एकच आहे, मी बराच मागे.

मग नीट बसून काम केलं. टेस्टला आधी चिडून एक नाव दिलं होतं, ते इथं लिहीत नाही. बदलून साधं ठेवलं. वर दोन ओळींची कॉमेंट: ही स्पेस चुकून पडली, आता तिच्यावर लोकांचे प्रोग्राम उभे आहेत, काढू नये. त्या पोराच्या अंगावर टेस्ट धावून आलीच, तर निदान कारण तरी कळेल. एररच्या क्लासमध्ये चुकीच्या किमतीची प्रॉपर्टीही घातली, सहा वर्षं उशिरा. तक्रार करणाऱ्याला तसं कळवलं. त्याचं उत्तर आलं, ‘आता चाललं, धन्यवाद.’ प्रॉपर्टीबद्दल अवाक्षर नाही. तो दोन स्पेसवरच तोडत राहणार.

आत्ता, लिहिता लिहिता, कोड तपासणाऱ्या सहकारिणीचा रिव्ह्यू आला. सगळं ठीक, एकच शंका: ‘कॉमेंटच्या दुसऱ्या ओळीत दोन स्पेस पडल्यात. काढू का?’

राहू दे म्हटलं.