काळी दोन

वॉकमनमध्ये नवे सेल घातले, तरी बाबांचा आवाज खालीच. अभंग म्हणताहेत की कण्हताहेत, कळेना. दुसरी कॅसेट लावली, तीही तशीच रडायला लागली. म्हणजे दुखणं यंत्राचंच.

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या घरी पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, म्हणून पहिला संशय टेप वाचणाऱ्या हेडवर. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून हलक्या हातानं पुसलं. आवाज स्वच्छ झाला, चाल तीच गोगलगायीची.

शेवटी खडेबाजारातला एक रिपेअरवाला गाठला. त्यानं झाकण काढून नुसतं पाहिलं. "बेल्ट होगेती, री," बेल्ट गेलाय, असं कानडीत म्हणाला आणि चिमट्यानं आतून डांबरासारखं काहीतरी ओढलं. मोटारीचा जोर चाकाकडे नेणारा तो रबरी पट्टा, इतक्या वर्षांत पार पाघळला होता. मी कौतुकानं बोट लावलं. तो काळा डाग दोन दिवस साबणाला दाद देईना. टेप सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते ती एवढ्याशा पट्ट्याच्या जिवावर!

नवा बेल्ट बसला आणि बाबा एकदम मिसरूड न फुटलेल्या पोरासारखे गायला लागले. आता वेग जास्त. रिपेअरवाल्यानं सर्किटवरचा इवलासा स्क्रू दाखवला. "हे घरी कानानं लावा की. त्याचं मशीन मी कुठलं आणू?"

माझ्या कानाचा लौकिक भजनी मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे. पण घरात बाबांची पेटी आहे, आणि बाबा कायम काळी दोनमध्ये गायचे. आईनं भाता हलवत काळी दोन धरली, मी घड्याळजीचा स्क्रूड्रायव्हर. वेग सहा टक्के चुकला की सूर अख्खी एक पट्टी सरकतो, त्यामुळे स्क्रू केसभर फिरला तरी बाबा पांढरी तीनवर, मागे घेतला की थेट पांढरी दोनवर. तासभर हेच. एकदा पेटीशी सूर अगदी जुळला असं मला वाटलं, तर आई म्हणाली, "अजून जरा खाली. हे असे नाकात नव्हते गात."

ती म्हणाली तितकाच फिरवला. पेटीचा आणि बाबांचा सूर असा मिसळला की आईनं भाता थांबवला तरी पेटी वाजतेय असंच वाटलं. अभंग सरळ निघाला. दुसऱ्या कडव्याला टेपमध्ये धाडकन आवाज झाला, गाणं तुटलं आणि बाबा ओरडले, "कोण रे ते दार आपटतंय?"

आईनं माझ्याकडे पाहिलं.