एका ताऱ्यासाठी खोडद

28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, पुणे जिल्ह्यातल्या खोडदची जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण सगळ्यांसाठी खुली असते. नारायणगावला हायवे सोडला की द्राक्षबागा, कांद्याची शेतं आणि मग झाडांच्या वर डोकं काढणारी पहिली तबकडी. व्यास 45 मीटर! अशा 30 आहेत. 14 मध्यभागी दाटीनं, बाकीच्या 16 तीन दिशांना पार 25 किलोमीटरपर्यंत पांगलेल्या. मोबाइल बंद करायचे, नाहीतर ताऱ्यांआधी आपलेच फोन ऐकू यायचे.

शाळकरी पोरांच्या प्रयोगांभोवती तोबा गर्दी होती. मी मात्र आले होते भुजंगधारी तारकासमूहातल्या आरएस ऑफियुचीच्या ओढीनं. ही खरं तर जोडी. एक फुगलेला तांबडा राक्षसी तारा आणि एक श्वेत बटू, म्हणजे विझलेल्या ताऱ्याचा उरलेला घट्ट गाभा. आकारानं पृथ्वीहून लहान, वजनानं सूर्याला भारी. बटू जोडीदाराचा हायड्रोजन ओढत राहतो. थर साचतो, तळाशी दाब आणि तापमान वाढतं आणि एक दिवस तिथं अणुसंमीलनाचा भडका उडतो. थर उधळला जातो, बटू शाबूत राहतो, साचवणं पुन्हा सुरू. नोंदलेले भडके: 1898, 1933, 1958, 1967, 1985, 2006, 2021. एकदा 35 वर्षांचं अंतर, एकदा जेमतेम 9. याला वेळापत्रक म्हणवत नाही.

2006 चा भडका 12 फेब्रुवारीचा. खोडदच्या तबकड्यांनी तो 20 व्या दिवशी 610 मेगाहर्ट्झ कंप्रतेवर टिपला, 38 व्या दिवशी 325 वर. इतक्या कमी कंप्रतेला हा तारा त्याआधी कुणाला सापडला नव्हता. 1985 मध्ये 66 व्या दिवशीही नाही. अडचण राक्षसी ताऱ्याच्या वाऱ्याची, म्हणजे त्याच्यातून सतत बाहेर वाहणाऱ्या वायूची. उधळलेला थर त्या वायूवर आदळतो, इलेक्ट्रॉन सुसाट सुटतात, चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेत रेडिओ लहरी सोडतात. पण तोच वायू त्या लहरी गिळतो, आणि लांब, म्हणजे कमी कंप्रतेच्या, लहरी जास्तच गिळतो.

तबकडीखाली उभं राहून वर बघितलं तर जाळीतून चक्क आभाळ दिसतं. ही दुर्बीण उभारणारे खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची ही करामत: अर्ध्या-एक मीटरच्या लहरींना बारीक भोकं जाणवतच नाहीत, वारा मात्र आरपार जातो, सांगाडा हलका आणि स्वस्त. मला तर इथली सगळ्यात देखणी गोष्ट हीच वाटली.

जाणार असाल तर सकाळीच पोहोचा, दुपारी ऊन फार. आरएस ऑफियुची त्या दिवसांत पहाटे पूर्वेला असतो. एरवी दुर्बिणीशिवाय दिसत नाही, भडकला की अंधाऱ्या गावातून नुसत्या डोळ्यांनी दिसतो.