मार्गशीर्षातलं देवबाग

सोमवार

मालवणजवळच्या देवबागला, समुद्रावर, निघण्याआधी ह्यांनी खर्चाचा एक आकडा ठरवला होता. कुडाळला उतरेपर्यंत त्यातला चांगला मोठा भाग रेल्वेच्या तिकिटांतच गेला. सगळ्यात जास्त खटकलं ते सासूबाईंचं तिकीट. पूर्वी अठ्ठावन्न वर्षांवरच्या बायकांना रेल्वेत अर्ध तिकीट पडायचं, पुरुषांनाही साठीनंतर चाळीस टक्के सवलत होती. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे ती बंद केली. कोरोना गेला, गाड्या पूर्ववत धावायला लागल्या, नव्या चकचकीत गाड्याही आल्या, सवलत मात्र परत आली नाही. सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईने पूर्ण तिकीट काढून आपल्याच राज्यातला समुद्र बघायला जायचं, हे मला अन्यायाचंच वाटतं.

कुडाळहून मालवणला रिक्षा करायची की एसटी, यावर स्टेशनाबाहेर थोडी चर्चा झाली. दरवर्षी आम्ही रिक्षा करतो. या वेळी एसटी घेतली आणि कंडक्टरने तिकिटं फाडली तेव्हा मला खरोखर बरं वाटलं. पंचाहत्तरीच्या पुढे असल्यामुळे सासूबाईंना तिकीटच नाही. मला आणि लेकीला अर्ध. चौघांत पूर्ण पैसे मोजले ते एकट्या ह्यांनी. २०२५ च्या जानेवारीत एसटीची भाडी जवळजवळ पंधरा टक्क्यांनी वाढली, तरीसुद्धा रिक्षाच्या तुलनेत हा खर्च किरकोळ होता. सासूबाईंनी आधार कार्ड पुढे केलं तेव्हा कंडक्टर म्हणाला, "ऱ्हवांदे आजी, कळता." मालवण स्टँडवर देवबागच्या गाडीसाठी पाऊण तास थांबावं लागलं. त्या पाऊण तासात भजी, चहा आणि गावातल्या तीन बायकांशी गप्पा झाल्या. घाई नसेल तर एसटीसारखं वाहन नाही.

देवबागला आम्ही ज्यांच्या घरी उतरतो त्या काकींनी खोली झाडून ठेवली होती. दर अठराशे. मी काही न बोलता मान डोलावली, पण मनात आकडे फिरत राहिले. लेक लहान असताना आम्ही पहिल्यांदा इथे आलो तेव्हा हीच खोली सहाशेला होती. फक्त तेव्हा वर कौलं होती आणि संडास परसात.

मंगळवार

रात्री झोप उशिरा लागली, म्हणून आता दुपारी सावकाश लिहिते.

ज्या जागेची स्वस्ताई आपण गृहीत धरलेली असते तिथे भाव वाढले की पहिल्यांदा राग येतो तो समोरच्या माणसाचा. काल स्टँडवर एक गृहस्थ तावातावाने सांगत होते, "मालवणवाले माजलेत, लुटतात." मला ते ऐकवेना. आज सकाळी काकी नारळ खवत बसल्या होत्या, तिथे मी पाट घेऊन बसले आणि हळूहळू सगळं विचारून घेतलं.

नारळापासूनच सुरुवात झाली. यंदा नारळ इतका महागलाय की ज्यांच्या अंगणात माड आहेत तेही हात राखून वापरतात. पूर्वी थाळीबरोबर सोलकडी हवी तेवढी मिळायची. आता बऱ्याच ठिकाणी वाटी एकच आणि दुसरीचे पैसे वेगळे. "सोलकडीत पाणी घालूक माझो हात धजणा नाय," काकी म्हणाल्या. "मगे दर वाढवचोच लागता." मग गॅस. मग मासे. मासे का महागले हे तर सगळ्या किनाऱ्याला ठाऊक आहे. पर्ससीनची मोठी जाळी आणि रात्री एलईडीचे दिवे लावून केलेली मासेमारी यांनी किनाऱ्याजवळचा मासा ओढून नेला. राज्याने २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आणले, एलईडीच्या मासेमारीला केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी मालवणचे रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे, आणि छोट्या होड्यांचे मच्छीमार अजून भांडतच आहेत. दहा वर्षांपूर्वी साठीच्या आत असलेलं डिझेल आता नव्वदीत आहे. होडी रिकामी आली तरी डिझेल जळतंच. त्यात सुरमई आणि पापलेट मिळालं तरी त्याला गोवा, कोल्हापूर, मुंबईचं गिऱ्हाईक आधीच उभं असतं. काकींनाही ते त्याच भावात घ्यावं लागतं.

आणि वर्षाचा हिशेब. जून-जुलैत मासेमारी बंद, पावसात पर्यटक नाही, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद. देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. दर पावसाळ्यात समुद्र थोडी थोडी जमीन खातो. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा काकींच्या न्हाणीघरावरचे पत्रे उडून नदीत गेले आणि तीन माड आडवे झाले. त्याची भरपाई अशाच कुणाकुणाच्या अठराशेतून व्हायची असते. "डिसेंबरात कमवतंव ता पावसात खातंव," एवढंच त्या म्हणाल्या आणि खवणी बाजूला ठेवून उठल्या.

मग वाढलेल्या भावातला नफा जातो कुठे? थोडा अ‍ॅपवाल्यांकडे. फोनवर खोली ठरवली तर अठराशे, तीच अ‍ॅपवरून बघितली तर कमिशन आणि जीएसटी धरून बरीच वर. हजाराच्या आतल्या खोल्यांना पूर्वी जीएसटी नव्हता. २०२२ च्या जुलैत बारा टक्के लावला, २०२५ च्या सप्टेंबरपासून तो पाचवर आणला आहे. आणि बराचसा नफा जमिनीत जातो. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, पाठोपाठ कोकण रेल्वे पूर्ण झाली, चौपदरी रस्ता आला, २०२१ ला चिपीचा विमानतळ सुरू झाला. रस्त्याने येताना मधल्या कितीतरी घरांच्या जागी आता कुंपणं दिसतात. आत पोहण्याचे तलाव, समुद्रापासून पन्नास पावलांवर. "निवास-न्याहारी" आणि "घरगुती जेवण" अशा हाताने रंगवलेल्या पाट्या कमी झाल्या आहेत. ज्यांनी जमीन विकली त्यांची मुलं त्याच जागेवर वेटर आहेत, असं काकींचा मुलगा सांगत होता. मला भाववाढीपेक्षा याची जास्त काळजी वाटते.

बुधवार

संध्याकाळी मालवणला बंदरावर लिलाव बघायला गेलो. दोन होड्या लागल्या होत्या. वाळूत निळे क्रेट ओतले, वर बर्फाचे तुकडे, आणि क्षणात बायकांचं कडं झालं. बोली इतकी भराभर चढते की आपल्याला फक्त शेवटचा आकडा ऐकू येतो. सुरमईच्या एका मोठ्या नगाला जी किंमत आली त्यात आमचं दोन दिवसांचं जेवण झालं असतं. ती थर्मोकोलच्या पेटीत गेली आणि पेटी टेम्पोत.

आम्ही बांगड्यांपाशी थांबलो. ताज्या बांगड्याचा डोळा काळाभोर आणि चकचकीत असतो, पाठीवरच्या निळ्या-हिरव्या रेषा ओल्या शाईसारख्या दिसतात, आणि शेपटीकडून उचलला तर तो ताठ राहतो. सासूबाईंनी एकेक उचलून बघितला. मासेवालीने वाटा लावला, ह्यांनी सवयीने "जरा कमी कर" म्हणायला तोंड उघडलं आणि सासूबाईंनी त्यांचा दंड धरला. ती बाई पहाटेपासून उभी होती. वाटा तिने सांगितलेल्या भावाला घेतला, तिनेच वर एक बांगडा टाकला. चौघांचं रात्रीचं जेवण हॉटेलातल्या एका सुरमई थाळीपेक्षा कमी पैशांत झालं, आणि काकींनी रांधायचे पैसे वेगळे लावले तेही मोजून दिले. तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं, उकड्या तांदळाचा भात. लेकीने मागून भात घेतला.

दुपारची एक गोष्ट लिहायची राहिली. किल्ल्यावरून परत आल्यावर आम्ही बाजारातल्या एका खानावळीत पाणी प्यायला थांबलो. भिंतीवर पाटी: एका थाळीत दोघांनी जेवू नये. शेजारच्या टेबलावर कोल्हापूरकडचं एक कुटुंब, नवरा-बायको आणि तीन मुलं. त्या माणसाने दरफलक वरून खाली वाचला, परत खालून वर वाचला. मग तीन थाळ्या सांगितल्या आणि बायको म्हणाली, "मला भूक नाही, मी गाडीतच खाल्लंय." मुलांना सुरमईचे तुकडे निवडून देताना तिचा हात मी बघत होते. ती दुपारी उपाशी होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. अशी माणसं आता पुढच्या वर्षी येणार नाहीत. ती समुद्र बघायला म्हणून निघालेली असतात, वर्षभर थोडे थोडे पैसे बाजूला टाकून. शिवाजी राजांनी १६६४ मध्ये पायाभरणी केलेला आणि २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेला किल्ला, तो पोरांना दाखवायची त्या माणसाला हौस होती, होडीत तोच सगळ्यात पुढे बसला होता. पाटी लावणाऱ्याचीही काही अडचण असेल. पण एक अर्धी थाळी, लहान मुलांची थाळी, असं काही ठेवलं तर कुणाचं नुकसान होणार आहे?

गुरुवार

आज मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. सासूबाईंचं महालक्ष्मीचं व्रत, काकींचंही. दोघींनी मिळून घट मांडला. घरात मासा नाही. सकाळी पेज आणि लोणचं, दुपारी घावणे आणि काळ्या वाटाण्यांची उसळ. पेज आम्ही मुद्दाम मागून घेतली. काकींना आधी संकोच वाटला, "पाव्हण्यांका पेज कशी घालू?" म्हणाल्या. पण पोहे-उपम्याच्या न्याहारीपेक्षा ती स्वस्त पडते, पोटाला हलकी आणि घरात तीच शिजलेली असते.

हा महिना आम्ही विचार करून निवडला. या दिवसांत पुष्कळ घरांत मांसमच्छी बंद असते, मुंबईतली मागणी उतरते, त्यामुळे इथेही भाव जरा खाली येतो. दिवाळीची गर्दी ओसरलेली, नाताळची अजून यायची. हीच खोली नाताळात चार हजारांवर जाते. आठवड्याच्या मधले दिवस घेतले म्हणून किनारा मोकळा मिळाला. ह्यांना त्यासाठी रजा टाकावी लागली, लेकीची परीक्षा संपायची वाट बघावी लागली. ज्यांना शनिवार-रविवारशिवाय सुट्टीच नाही, त्यांना हे जमणार नाही, हेही मला कळतं. भाववाढीचा सगळ्यात मोठा फटका त्यांनाच बसतो.

लेकीला पॅरासेलिंग करायचं होतं, स्कूबाही. दोन्ही नाही परवडणार, एक निवड, असं सांगितलं. तिने स्कूबा निवडलं. पाण्याखाली निळे-पिवळे मासे बघून ती वर आली तेव्हा थंडीने दात वाजत होते आणि बोलणं थांबत नव्हतं. बाकी वेळ आम्ही संगमापर्यंत चालत गेलो, नदी समुद्राला मिळते तिथे बसलो, गावातल्या पोरांचं क्रिकेट बघितलं. याला पैसे पडत नाहीत. मी लहान असताना सुट्टी म्हणजे एवढंच असायचं, आणि त्यात काही कमी असल्यासारखं कधी वाटलं नाही.

पैसे वाचवायचे तर ते प्रवासातून, दिवसांच्या निवडीतून, आपल्या चोचल्यांतून वाचवावेत. रांधणाऱ्या बाईच्या दरातून आणि मासेवालीच्या वाट्यातून वाचवू नयेत, एवढं मी स्वतःपुरतं पक्कं केलं आहे. काकींसारखी घरं टिकली तरच आमच्यासारख्यांना इथे जागा राहील. त्या थकल्या आणि त्यांनी जमीन विकली, तर इथे जे उभं राहील त्याच्या फाटकातून आम्हाला आत जाता येणार नाही.

शुक्रवार

काकींचा हिशेब वहीत लिहिलेला होता: खोली, जेवणं, रांधणावळ, चहा. पेजेचे पैसे लावले नव्हते. मी आग्रह केला, त्या ऐकेनात. शेवटी सासूबाईंनी त्यांच्या नातवाच्या हातात नोट ठेवली, तेव्हा प्रकरण मिटलं.

ठरवलेल्या आकड्यापेक्षा खर्च थोडा जास्त झाला, स्कूबामुळे. घरी गेल्यावर बँकेत दरमहा हजाराची आरडी उघडायची, ती फक्त देवबागसाठी. रेल्वेचं आरक्षण आता साठच दिवस आधी उघडतं, त्यामुळे पुढच्या मार्गशीर्षाच्या दोन महिने आधीची कॅलेंडरवर खूण करून ठेवायची. खालचा बर्थ सासूबाईंसाठी. काकींना पुढच्या मार्गशीर्षासाठी हजार रुपये आत्ताच देऊन ठेवले. त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर आमचं नाव लिहिलं आणि विचारलं, "किती दिवस धरू?" ह्यांनी एक दिवस जास्तच सांगितला. मी काही बोलले नाही, आरडी हजाराऐवजी बाराशेची करावी लागेल.