ॲल्युमिनियमला लागलेली वाळवी

बेळगावच्या उद्यमबागेतल्या मशीन शॉपचा कॉम्प्युटर आला की मी तो आधी दुकानाबाहेर नेऊन ब्लोअर मारतो. आत बिडाची भुकटी, त्यावर कुलंटचा, म्हणजे कटिंगच्या वेळी सोडतात त्या तेलकट पाण्याचा चिकटा. त्या दिवशी आजोबा आणि नातू असे दोघं आले. पोरगा डिप्लोमा झालेला, कॅमचं, म्हणजे मशीननं कसं कापायचं ते कॉम्प्युटरवर आखायचं काम बघणारा.

"मामा, प्रोग्रॅम लावला की दहा मिनिटांत बंद पडतोय. प्रोसेसरवर नवीन पेस्टपण घातलो की मी. दोन दिवस झकास चालला, मग पहिल्यापेक्षा वाईट."

चालू केला तर काही काम नसतानाच प्रोसेसर 95 अंशांवर. चार खुंट्या फिरवून त्याला थंड ठेवणारा कूलर उचलला आणि हात थांबला. प्रोसेसरच्या डब्यासोबत आलेला साधा, सगळा ॲल्युमिनियमचा कूलर; पण तळ ओल्या राखेसारखा करडा. नखानं खरवडला तर खपली निघाली.

"काय लावलास रे?"

त्यानं खिशातून सिरिंज काढली. आत पाऱ्यासारखं चकचकीत. लिक्विड मेटल! "प्लेस्टेशन 5 मध्येपण हेच असतंय की."

असतं. पण तिथं ते वाहू नये म्हणून भोवती बंदिस्त सोय असते. हे गॅलियम नावाच्या धातूचं मिश्रण. ॲल्युमिनियमच्या कणाकणात शिरून त्याला ठिसूळ करतं. वर वीजवाहक. एक थेंब बाजूला घरंगळला असता तर बोर्डच गेला असता.

आजोबा फाउंड्रीत आयुष्य गेलेले. त्यांनी तळ अंगठ्यानं दाबला, कडा मोडली. "वाळवी लागल्यागत झालंय," म्हणाले.

प्रोसेसरचं झाकण निकेलचा मुलामा दिलेल्या तांब्याचं, म्हणून डागावर निभावलं. पोराचा हट्ट मात्र आकड्यावर होता: सिरिंजवर उष्णतावहन 73 छापलेलं, माझ्या करड्या पेस्टवर 8.5. त्याला कूलरची पाती दाखवली. पंख्याखाली धूळ-तेलाची नमद्यासारखी जाड गादी बसलेली. वाराच जात नाही तिथं पेस्ट काय करणार? पेस्टचं काम दोन धातूंमधल्या बारीक खाचांतली हवा घालवणं, एवढंच. 65 वॅटच्या प्रोसेसरला साधी पेस्ट पुष्कळ झाली. (गिऱ्हाइकाला महागडी ट्यूब विकणं मलाही जमतं, पण कॉम्प्युटर परत माझ्याच टेबलावर येतो.)

दुकानातला तांब्याच्या चार नळ्यांचा उंच टॉवर कूलर बसवायला काढला. उंची 158 मिलिमीटर, कॅबिनेटमध्ये जागा 150. झाकण लागेना. दुसरा, बुटका बसवला. वाटाण्याएवढी पेस्ट मधोमध, स्क्रू आलटूनपालटून तिरपे आवळले. कॅमचा मोठा प्रोग्रॅम अर्धा तास चालवला. 66 च्या वर गेला नाही. दर महिन्याला ब्लोअर मारायचा, असं कॅबिनेटवरच मार्करनं लिहून दिलं.

जुना कूलर मी भंगाराच्या पेटीत टाकायला निघालो, तर आजोबांनी हात धरला.

"तिथं नको. भंगारातनं फिरून आमच्याच भट्टीत येतंय ते."

वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातला आणि सिरिंजसाठी नातवापुढं हात केला.