मूळ पुरुषाची बायको

आमच्या कुलवृत्तांताची एक प्रत बाबांच्या कपाटात असायची. लाल कापडी बांधणी, कण्यावरची सोनेरी अक्षरं निम्मी उडालेली आणि समासात जागोजागी पेन्सिल. कुणी गेल्याची बातमी आली की बाबा चहा अर्धा टाकून उठायचे, ते पान काढायचे आणि नावाआधी बारीक अक्षरात 'कै.' लिहायचे. कुणाला मुलगा झाल्याचं पत्र आलं की बापाच्या नावाखाली एक रेघ ओढून नवं नाव. पेनने का नाही लिहीत, असं एकदा विचारलं, तर म्हणाले, "पुढच्या आवृत्तीत छापून येईलच की." पुढची आवृत्ती काही निघाली नाही. बाबांच्या नावाआधीचं 'कै.' मी लिहिलं.

आता कुलमंडळाने पुरवणी काढायचं मनावर घेतलंय आणि आमच्या शाखेची माहितीपत्रकं गोळा करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. त्या निमित्ताने तो लाल ठोकळा पहिल्यांदाच पहिल्या पानापासून वाचला. वंशवृक्षाच्या मुळाशी मूळ पुरुष. कोकणातल्या एका गावात खोती करणारा, जन्म-मृत्यू अज्ञात, मुलगे तीन. बायको नाही. म्हणजे असणारच, पण पुस्तकात नाही. त्या तीन मुलग्यांनाही बायका नाहीत, तरी त्यांचा विस्तार उत्तम. आणि पहिल्या पाच पिढ्यांत आमच्या घराण्यात एकही मुलगी जन्माला आली नाही, असं हे पुस्तक छातीठोकपणे सांगतं.

साधं गणित आहे. आईबाप दोन, आजी-आजोबा चार, असं दुप्पट करत गेलं की दहाव्या पिढीला १०२४ जागा होतात. एकच माणूस दोन-तीन जागी आला असेल, तरी माणसं शेकड्यांनी. त्या १०२४ जागांपैकी एका जागी आमचा मूळ पुरुष बसलाय, आणि त्याच्या जिवावर आम्ही सगळे स्वतःला अमुकांचे वंशज म्हणवतो.

पण ज्यांनी हे पुस्तक उभं केलं त्यांना हसायचं माझ्या जिवावर येतं. मंडळ म्हणजे सुरुवातीला चार-पाच पेन्शनर आणि एक ट्रंक. सापडेल त्या आडनावबंधूला त्यांनी जोडकार्ड धाडलं, म्हणजे उत्तराचं कार्डही आपल्याच खर्चाने. तरी निम्मी परत आलीच नाहीत. आलेल्यांतली काही भांडण घेऊन आली. अमुक शाखेने वाटणीच्या दाव्यात आम्हाला कोर्टात खेचलं होतं, त्यांच्या शेजारी आमचं नाव छापू नये, वगैरे. मग ही मंडळी नाशिक-त्र्यंबकेश्वरला गेली. तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आलेल्या यजमानाने स्वतःच्या हाताने आपलं, बापाचं, भावांचं नाव लिहायची पद्धत. (हरिद्वारच्या पंड्यांच्या अशा बह्यांचं मायक्रोफिल्मिंग अमेरिकेतल्या यूटाच्या वंशावळ संस्थेने १९७७ मध्ये सुरू केलं. आमचे पेन्शनर मात्र शाईच्या पेनने उतरवून घेत बसले.) जुन्या नोंदी मोडीत. मोडीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, त्यामुळे एका ठिकाणी दोन भावांचा एक भाऊ झाला. पुढच्या सभेत त्यावर तासभर खडाजंगी झाल्याचं इतिवृत्तात आहे. निर्णय नाही.

या वृत्तांतांची किंमत आम्हाला कळायच्या आत बाहेरच्यांना कळली. शिकागो विद्यापीठातल्या मॉरीन पॅटरसन यांनी १९६८ मध्ये चित्पावनांच्या कुलवृत्तांतांवर एक निबंध लिहिला, समाज कसा बदलत गेला ते शोधायचं साधन म्हणून. आम्ही त्यात आपले आजोबा शोधतो. पण त्यांच्या नजरेने पानं चाळली की दिसतं : एका पिढीत 'शेती, भिक्षुकी', पुढच्या पिढीत 'मॅट्रिक, जी.आय.पी. रेल्वेत', त्यापुढे 'बी.ई., पुणे', आणि बाबांच्या पेन्सिलीत 'कॅलिफोर्निया'. कोकणातून घाटावर आणि घाटावरून साता समुद्रापार. त्यात मधेच एखादा 'लहानपणी घर सोडून गेला, पुढे माहिती नाही'. मला त्याचंच जास्त कुतूहल.

आणि संमेलनं! छातीला बिल्ला : नाव, शाखा, पिढी. वय आणि पिढी यांचा मेळ नसतो हे तिथे कळतं. थोरल्या पातीच्या पिढ्या भराभर होतात, धाकट्या पातीच्या सावकाश. मागच्या संमेलनात एका सत्तरीच्या गृहस्थांची ओळख करून देताना निवेदिका म्हणाली, "आणि हे त्यांचे चुलतकाका," आणि माईक एका तिसरीतल्या मुलाकडे गेला. गृहस्थांनी त्याला वाकून नमस्कार केला. पोरगा आईच्या मागे लपला.

त्याच संमेलनात खजिनदारांनी हळूच सांगितलं की धर्मादाय आयुक्तांकडे मंडळाचा चेंज रिपोर्ट कित्येक वर्षं दिलेलाच नाही. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत कळवायचं असतं. आमच्या सात विश्वस्तांपैकी चार जण कैलासवासी होऊन काळ लोटला होता. घराण्यातला जन्म आणि मृत्यू टिपून ठेवणं हा ज्या संस्थेचा घटनेत लिहिलेला उद्देश, तिची ही तऱ्हा. चूक सर्वस्वी आमचीच.

वंशावळ ही काही छापील पुस्तकवाल्यांचीच मिरास नव्हे, म्हणा. कोल्हापूर-सांगली-बेळगाव पट्ट्यात हेळवी बैलावर बसून गावोगाव फिरत आले, दारात उभं राहून घराण्याच्या पिढ्या सांगत आले. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा तर तहसील कचेरीत जो तो 'कोतवाल बुक' आणि 'वंशावळ' म्हणत होता. त्या जन्म-मृत्यूच्या बुकात बापाचं नाव आणि पुढे 'मुलगी' एवढंच, असंही पुष्कळदा असतं. पण असतं. इंग्रजी अमलातल्या गावकामगाराने जे टिपलं, ते आमच्या पदवीधर पेन्शनरांना पाच पिढ्या सुचलं नाही. श्राद्धातसुद्धा आई, आजी, पणजी अशा तिघींची नावं घ्यावी लागतात. भटजी विचारतात आणि आपण मोबाइलमध्ये शोधतो.

आमच्या पत्रकात 'पत्नीचे नाव' असा रकाना आहे, दीड इंचाचा. आजीच्या नावापुढे काय लिहायचं म्हणून आत्याला फोन केला. आत्याची स्वतःची नोंद पुस्तकात अर्धी ओळ आहे : नाव, सासरचं आडनाव, पूर्णविराम. नव्वदीला आलीय, पण स्मरण लख्ख.

"पुस्तकात काय छापलंय?" तिनं विचारलं.

मी वाचून दाखवलं.

"ते नाव होय! ते लग्नात ताटातल्या तांदळावर लिहिलेलं नाव. अण्णांनी अंगठीनं लिहिलं आणि त्या दिवसापासून ती ती झाली. तिचं नाव वेगळंच होतं रे."

"मग काय होतं?"

तिनं सांगितलं. मला नीट ऐकू आलं नाही, तेव्हा पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं, अंगणात खेळणाऱ्या मुलीला घरात बोलवावं तसं. मग म्हणाली, "तिच्या आईचं पण सांगू का? लिहितोयस तर लिही."

दीड इंचात काही ते मावेना. पत्रक बाजूला ठेवलं, लाल पुस्तक काढलं आणि बाबांच्या पेन्सिलीला टोक करायला घेतलं. शिसं दोनदा मोडलं. आत्या फोनवर थांबली होती.